आवाज लिहून पाठव

२ जून

ती. मामा,

नमस्कार.

मामीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ती म्हणाली, "ते कामात आहेत गं, तू आपलं पत्रच टाक." या दिवसांत मामाला पत्र टाकायचं म्हणजे पोस्टाची पेटी कुठे असते इथपासून विचारपूस करावी लागली. पण अडला हरी, पुढचं तुम्हाला पाठ आहे. पाय तुमचेच धरतेय, राग मानू नका.

मला नोकरी लागून दीड महिना झाला. जन्म-मृत्यू नोंदणीचं ऑफिस, तिसरा मजला, जिन्याला लागून खोली. माझ्या ताब्यात एक मोठा काळा कॉम्प्युटर आहे. त्याला इथे सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. गेल्या साठ वर्षांत या शहरात कोण जन्मलं आणि कोण गेलं ते सगळं त्याच्या पोटात आहे. पूर्वी हे जाडजूड रजिस्टरांत असायचं. मागच्या वर्षी साहेबांनी 'कागदमुक्त कार्यालय' केलं, रजिस्टरं रद्दीत गेली, साहेबांना ढाल मिळाली. ती ढाल रजिस्टरांच्याच रिकाम्या कपाटात ठेवली आहे. आता ज्याची नोंद मशीनमध्ये आहे तो जन्मला, नाही तो अजून यायचाय.

मी तात्पुरती आहे. ३१ जुलैला साहेबांनी चांगला शेरा दिला तर कायम होईन. मी कायम झाले की आई शिवणकाम सोडणार आहे. तिचे डोळे आता सुईत दोरा ओवू देत नाहीत, हे तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

तर हे मशीन आठवडाभर घरघर करतंय. भिंतीपलीकडे साहेबांची केबिन. काल त्यांनी बोलावून सांगितलं, "मला आवाज नकोय." मी विचारलं, "काय बिघडलंय ते बघू का?" तर म्हणाले, "ते नको. आवाज नकोय."

तुम्ही जिन्याखालच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात बसून नुसत्या कानाने रोग ओळखायचात. पेटी उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला सांगायचात, आत काय मेलंय ते. मला सांगा, घरघर म्हणजे काय?

तुमचा,
भुंगा

४ जून

चि. भुंगा,

अनेक आशीर्वाद. पाय पोचले. गाढव सुखरूप आहे.

फोनवर मी आवाज ऐकत नाही. फोन आवाजाला पिळून काढतो, त्याला घरघर आणि गुणगुण सारखीच. तू आवाज लिहून पाठव. लिहायला बसलं की माणूस आधी नीट ऐकतो. नाहीतर लोक पेटी आणून आदळतात आणि म्हणतात, "कसलातरी आवाज येतोय." हे म्हणजे डॉक्टरसमोर बसून कुठंतरी दुखतंय म्हणण्यापैकी झालं. मी विचारतो, सुरू करताच येतो की तापल्यावर? एकसारखा की दम खात? मागून की पोटातून? त्यावर ते आपल्या बायकोकडे बघतात.

तुझी घरघर एकसारखी आहे असं दिसतं. म्हणजे पंखा. मशीन थंड ठेवायला आत पंखा असतो, त्यात धूळ बसली की तो कण्हतो. पेन्सिलच्या मागच्या रबराने त्याचा मधला भाग दोन सेकंद हलकेच दाब. घरघर थांबली तर चोर सापडला. बंद करून साफ कर. आणि एक ध्यानात ठेव, आवाज बंद करणं हे आपलं काम नाही, तो कोण करतंय ते ओळखणं हे काम आहे. तुझ्या साहेबाला हे सांगू नकोस, कायम व्हायचंय तुला.

तुझं नाव भुंगा कसं पडलं आठवतं का? पाच वर्षांची होतीस, दुकानात टेबलाखाली बसून गुणगुणायचीस. मी एका गिऱ्हाइकाचा पंखा दोनदा बदलला तरी त्याचा आवाज जाईना. शेवटी खाली वाकून बघितलं तर तू. गिऱ्हाईक आता हयात नाही, नाहीतर त्याची माफी मागितली असती.

ताईच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. तिने सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सगळेच आपापलं दुखणं झाकून ठेवतात.

तुझा,
मामा

१४ जून

ती. मामा,

नमस्कार. चोर सापडला. रविवारी मशीन बंद ठेवायची परवानगी मिळाली, कारण रविवारी लोक कमी जन्मतात असं साहेबांचं निरीक्षण आहे. आत धुळीची गादी होती आणि एक कागदाची टाचणी. कागदमुक्त कार्यालयात ती कुठून आली यावर सोमवारी अर्धा तास चर्चा झाली. घरघर गेली. साहेबांनी दारात उभं राहून कान दिला आणि मान हलवली. शिपाईकाका म्हणाले, "बाई, तुमचा शेरा झाला म्हणून समजा."

पण मामा, घरघर गेली आणि तिच्याखाली दबलेला दुसरा आवाज वर आला. तुम्ही शिकवलं होतं तसं केलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला. लिहिते, नीट वाचा.

टक्. टक्. टक्. तीनच, नखाने काचेवर मारल्यासारखे. मग एक श्वास काही नाही. मग ऊं-ऊं-ऊं करत खाली उतरत जाणारी बारीक कण्हण. मग सगळं पूर्ववत. दिवसातून चार-पाचदा होतं, आणि बहुतेक वेळा जुन्या वर्षांची नोंद काढायला गेलं की.

मी हे साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी ताबडतोब 'आवाज नोंदवही' उघडायचा आदेश दिला. आवक-जावकचे काका प्रत्येक आवाजाला क्रमांक देतात. 'आवाज क्र. १७. टक्. कार्यवाही प्रलंबित.' ही नोंदवही कागदमुक्त आहे, म्हणजे त्याच मशीनमध्ये आहे. ती उघडली की टक् होतं, आणि मग त्याची नोंद करावी लागते.

भुंगा

१७ जून

भुंगा,

उभ्या उभ्या लिहितोय. पंखा नव्हे, ती डिस्क आहे. नोंदी जिच्यावर लिहिलेल्या असतात ती तबकडी. तिच्यावरून एक बारीक हात फिरत नोंदी वाचतो. त्याला आता जागा सापडेना, म्हणून तो परत येऊन आपटतो आणि पुन्हा निघतो. तीनदा आपटतो, मग दमतो. एक दिवस निघणारच नाही. महिना, फार तर दीड महिना.

नवी डिस्क आण आणि सगळं तिच्यावर उतरवून घे. मशीन बंद करू नकोस, हलवू नकोस, तापू देऊ नकोस. कुणाची वाट बघू नकोस.

मामी म्हणते तब्येतीचं लिहा. तब्येत ठीक.

मामा

३० जून

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. सोमवारी सकाळी मी प्रत काढण्याच्या परवानगीचा अर्ज दिला.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते. 'नोंदींची प्रत काढणे म्हणजे नोंदी यंत्राबाहेर जाणे होय. नोंदी बाहेर गेल्यास गोपनीयतेचा भंग होतो. सबब प्रत काढणाऱ्या कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करण्यात येईल.' मी पत्र घेऊन आत गेले.

"साहेब, डिस्क मरतेय."

"कोण म्हणतं?"

"तिचा आवाज म्हणतोय."

"मग आवाज कमी करा."

त्यासाठी आता 'आवाज निवारण समिती' झाली आहे. साहेब अध्यक्ष, आवक-जावकचे काका सचिव, बाकी तिघे पहिल्या मजल्यावरचे, ज्यांना आवाज ऐकू येण्याचा संभवच नाही, म्हणून ते निःपक्षपाती. समितीने ठरवलं की मशीन फोमचं अस्तर लावलेल्या कपाटात बंद करायचं. रजिस्टरांचंच कपाट, ढाल बाहेर काढून. तुम्ही हलवू नकोस लिहिलं होतं, चौघांनी उचललं. तापू देऊ नकोस लिहिलं होतं, गादीत गुंडाळलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्यावर सील लागलंय आणि २८ जुलैला मुख्यालयाचे वरिष्ठ येऊन 'निःशब्द कक्षा'चं उद्घाटन करणार आहेत. तोवर उघडायचं नाही. मी बाहेरून पडद्यावर काम करते. पाठ कपाटाला टेकली की टक् टक् टक् मणक्यात लागतं.

साहेबांनी एकच वाट ठेवली आहे. बाहेरच्या तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आला तर परवानगीचा फेरविचार करू म्हणाले. मी तुमचं नाव दिलं. मामा, याल का? एका दिवसाचा प्रवास आहे. तुम्ही कपाटाला कान लावून दोन ओळी लिहून दिल्यात तर बस झालं. अगदीच जमणार नसेल तर समिती रेकॉर्डिंग पाठवायला तयार आहे. पण तुम्ही या. मला भीती वाटते. नोकरीची वाटते, आणि खोटं कशाला बोलू, त्या टक् टक् ची जास्त वाटते.

भुंगा

१० जुलै

चि. भुंगा,

अनेक आशीर्वाद. यायचं फार मनात होतं. पण गुडघा धरलाय, दुकानात कामं तुंबलीत, आणि मामीच्या बहिणीकडेही काहीतरी आहे.

तुमच्या समितीचं रेकॉर्डिंग पोचलं. दुकानाचं दार लावून तीन वेळा ऐकलं. अभिप्राय सोबत जोडलाय. जरा वजनदार मराठीत लिहिलाय, म्हणजे त्यांना समजला नाही तरी पटेल.

'अध्यक्ष, आवाज निवारण समिती यांस. आपण पाठविलेले ध्वनिमुद्रण मी एकाग्रतेने तीन वेळा ऐकले. त्यात तीन आघात सुस्पष्ट ऐकू येतात. तदनंतर एक विराम व उतरत्या स्वराची कण्हण. ही डिस्कची अखेरची अवस्था होय. नोंदींची प्रत तातडीने काढावी. तीस वर्षांच्या अनुभवावरून मी हे छातीठोकपणे सांगतो.'

एवढ्याने काम होईल. काळजी करू नकोस.

मामा

१७ जुलै

मामा,

त्या रेकॉर्डिंगमध्ये काहीही नव्हतं.

काल समितीची बैठक झाली. साहेबांनी तुमचा अभिप्राय मोठ्याने वाचला. मग म्हणाले, "आता आपणही ऐकू." आवक-जावकच्या काकांनी रेकॉर्डिंग लावलं. अकरा मिनिटं पाच माणसं टेबलाभोवती मान खाली घालून बसली होती. टक् नाही, कण्हण नाही, साधा श्वाससुद्धा नाही. काकांनी बटण दाबलं होतं, पण माईक बंदच राहिला होता. ते त्यांनी स्वतःच कबूल केलं. त्यांच्या नोंदवहीत लिहिलंय, 'आवाज क्र. ४४. आवाज नाही.'

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्या मामांना नसलेलं ऐकू येतं. तुम्हालाही तोच विकार दिसतोय." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. 'अस्तित्वात नसलेला आवाज ऐकून कार्यालयात घबराट पसरविल्याबाबत.' पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. पंधरावा दिवस म्हणजे ३१ जुलै.

आवाज खरा होता, मामा. मी तो रोज पाठीने ऐकतेय. आता माझ्यावर कुणाचाही विश्वास नाही, आणि तो तुमच्यामुळे गेलाय. ज्या माणसाने मला सांगितलं की आधी ऐक आणि मग बोल, त्याने तीन वेळा काय ऐकलं? एवढंच मला सांगा.

भुंगा

२१ जुलै

भुंगा,

मी काहीच ऐकलं नाही. मला ऐकू येत नाही.

तीन वर्षं झाली. डावा कान आधी गेला, मागोमाग उजवा. मामीला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. ताईलाही नाही. तू फोन करायचीस तेव्हा मी मामीच्या शेजारीच बसलेला असायचो. तिचे ओठ बघून कळायचं, तुझा आहे.

दुकान कसं चालवतो विचारशील. गिऱ्हाईक पेटी चालू करतं, मी डोळे मिटतो, मान हलवतो. आतल्या खोलीत मामी भाजी निवडत बसलेली असते, ती पडद्याखालून बोटं दाखवते. एक बोट पंखा, दोन बोटं डिस्क, मूठ म्हणजे तिलाही कळलं नाही. मूठ आली की मी म्हणतो, "ठेवून जा, दोन दिवस निरीक्षण करावं लागेल." कधी स्क्रूड्रायव्हर दातांत धरून पेटीला टेकवतो. आवाज येत नाही, नुसती थरथर कळते. लोकांना वाटतं ही उस्तादाची लकब आहे. आता दोन पोरं तीच लकब करतात म्हणे.

लोक मला 'कानसेन' म्हणतात. कानसेनाने बहिरा झालोय असं कसं सांगायचं? झाकली मूठ म्हणतात ती मी तीन वर्षं झाकून धरली. माझं सगळं आयुष्य या दोन कानांवर उभं होतं, बाळ, आणि मला लाज वाटत होती.

म्हणून तुला म्हटलं, लिहून पाठव. तू लिहिलेली ती तीन टक् आणि उतरती कण्हण मला स्पष्ट ऐकू आली. तीन वर्षांत ऐकलेला तो पहिला आवाज. मी तो कागद दुकानात मोठ्याने वाचला, मामी घाबरून बाहेर आली. रेकॉर्डिंग आलं त्या दिवशी मामी बहिणीकडे गेली होती. बोटं दाखवायला कुणी नव्हतं. मी ते यंत्र कानाला लावून बसलो आणि तुझंच पत्र पुन्हा लिहून काढलं. तुझ्या साक्षीवर मी माझी सही ठोकली. ती सही खोटी निघाली आणि तुझी खरी साक्षही तिच्यासोबत बुडाली.

डिस्क मरतेय हे शंभर टक्के खरं आहे. खोटा फक्त मी. ही ओळ समितीला दाखव, साहेबाला दाखव, जिन्यात चिकटव. मला क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. क्षमा कर.

मामा

६ ऑगस्ट

ती. मामा,

साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र २४ ला मिळालं. दोन दिवस राग गेला नाही. तिसऱ्या दिवशी मामीची बोटं आठवून एकटीच हसले, आणि मग खूप रडले. सोनारानेच कान टोचले म्हणायचे. कारण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मीही तुमच्याशी खरं बोललेले नाही.

तुमचं 'कुणाची वाट बघू नकोस' हे पत्र शनिवारी मिळालं होतं. शनिवारी ऑफिस दुपारी सुटतं. सगळे गेल्यावर मी नवी डिस्क आणून जोडली आणि चार तास बसून साठ वर्षं उतरवून घेतली. दर टक् ला वाटायचं, संपलं. मग ती डिस्क डब्याच्या रिकाम्या कप्प्यात घालून घरी आणली आणि आईच्या शिवणाच्या पेटीत ठेवली. सोमवारी परवानगीचा अर्ज दिला तेव्हा प्रत आधीच काढलेली होती. मला ती नंतर कायदेशीर करून घ्यायची होती. त्यानंतरची प्रत्येक नवी नोंद मी एका शंभरपानी वहीत लिहीत गेले. कागदमुक्त कार्यालयात वही, म्हणजे गुन्हे दोन. तुम्हाला कळवलं नाही, कारण कुणी विचारलं तर तुम्हाला खोटं बोलावं लागेल, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही असा माझा समज होता.

२८ ला सकाळी दहा वाजता डिस्क गेली. तीन टक् झाले, कण्हण आलीच नाही. मी साहेबांना सांगायला गेले. ते नवा शर्ट घालून उभे होते. "कार्यक्रमानंतर," म्हणाले. वरिष्ठ आले, फीत कापली. साहेब म्हणाले, "आपण सर्वांनी एक मिनिट शांत राहून ऐकावं." सगळे कपाटासमोर उभे राहिले. खरोखर काहीही ऐकू आलं नाही. वरिष्ठ म्हणाले, "अद्भुत." टाळ्या झाल्या. मामा, मेलेल्या मशीनसमोर एक मिनिट शांत उभं राहतात ते बरोबरच होतं, फक्त टाळ्या वाजवायला नको होत्या.

दोन दिवस 'तांत्रिक सुधारणा चालू' अशी पाटी होती. लोक खिडकीशी येऊन परत जात होते. एक बाई मुलाच्या शाळेसाठी दाखला मागत होती. मूल काउंटरवर बसून पाय हलवत होतं, आणि मी तिला सांगत होते की नोंद सापडत नाही. बोलले असते तर नोकरी जात होती. नाही बोलले तर साठ वर्षं जात होती. दोन दिवस मी गप्प बसले, याची मला लाज वाटते. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. या वयात, कानसेन म्हणवणारा माणूस 'मला ऐकू येत नाही' असं लिहू शकतो, तर मला काय झालंय?

३० ला मी केबिनमध्ये गेले. "साहेब, मी २० जूनला प्रत काढली. परवानगी नव्हती."

ते आवक-जावकच्या काकांना बोलावून मला कमी करायचा आदेश सांगू लागले. 'सदर कर्मचारी हिने हेतुपुरस्सर' इथपर्यंत आले आणि थांबले.

"त्यात सगळ्या नोंदी आहेत?"

"सगळ्या."

"अगदी जुन्यासुद्धा? म्हणजे, समजा, अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या?"

"आहेत, साहेब."

त्यांना निवृत्तीनंतर नोकरीत मुदतवाढ हवी आहे. अर्जाला जन्मदाखला लागतो, आणि शेवटची तारीख ३१ जुलै होती. दोन दिवस साहेब स्वतःच जन्मलेले नव्हते आणि कुणाला सांगूही शकत नव्हते. काकांनी विचारलं, "हेतुपुरस्सर... पुढे काय घेऊ?" साहेब म्हणाले, "दूरदृष्टीने घ्या."

तर आता मला प्रत काढण्याची परवानगी १७ जूनच्या तारखेने मिळालेली आहे. ३१ ला कायम झाल्याचा आदेशही आला. त्याच पाकिटात नोटिशीचं स्मरणपत्र होतं, कारण नोटीस मागे घेता येत नाही, तिला फक्त उत्तर देता येतं. आईने मशीनवर कापड टाकलंय. तिच्या शिवणयंत्रावर म्हणतेय मी. डोळे दाखवायला पुढच्या गुरुवारी जाणार आहोत.

एकच घोळ उरलाय. परवानगी कशाच्या आधारावर दिली ते फाइलला दाखवायला हवं, आणि फाइलमध्ये आधार एकच आहे, तुमचा अभिप्राय, त्याची तारीख परवानगीच्या नंतरची असली तरी. समितीने ठराव केलाय, 'जे ध्वनिमुद्रण यंत्रालाही ऐकू आले नाही ते तज्ज्ञांस ऐकू आले.' तुम्हाला सगळ्या ऑफिसांचे 'ध्वनी सल्लागार' नेमायचं म्हणतात. पत्र सोबत आहे. काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमचं ते पत्र कुणालाही दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

तुमचा,
भुंगा

२९ ऑगस्ट

चि. भुंगा,

अनेक उत्तम आशीर्वाद. डबा, शिवणाची पेटी आणि शंभरपानी वही हे सगळं मामीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाची मामावर गेली नाही, बरं झालं." या वेळी बोटं नाही दाखवली, लिहूनच दिलं.

तुझ्या साहेबाला मी लगेच उत्तर पाठवलं होतं. या वेळी हलक्या मराठीत. 'मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. त्या रेकॉर्डिंगबद्दल मी खोटे लिहिले होते. आवाज ऐकला होता तो माझ्या भाचीने. तुमच्या इमारतीत ऐकणारी तेवढी एकच आहे, तिला विचारत चला.' सही केली. तीन वर्षांत इतकी हलकी सही झाली नव्हती.

काल त्यांचं उत्तर आलं. तेही जसंच्या तसं उतरवतो. 'आपला खुलासा प्राप्त झाला. ऐकू येणे ही सदर पदाची अट नाही. तरी त्वरित रुजू व्हावे.'

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहिरेपण लपवायला मी एवढा जीव काढला, आणि तिथे ती पात्रता निघाली. नाही जाणार. त्यांच्याकडे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांचे कान शाबूत आहेत.

दुकानाच्या दारात आता पाटी टांगली आहे, 'मला ऐकू येत नाही. आवाज लिहून द्या.' खाली पाटी-पेन्सिल ठेवली आहे. वाटलं होतं गिऱ्हाईक तुटेल. चार-पाच तुटलेही. पण परवा एक म्हातारे गृहस्थ आले, पाऊण तास स्वतःच्या पेटीला कान लावून बसले आणि एवढंच लिहिलं, 'सुरू होताना उसासा टाकते, मग चिडीचूप.' मी उघडायच्या आधी सांगितलं आत काय मेलंय ते. बरोबर निघालं. मामीने आतून टाळी वाजवली असं त्या गृहस्थांनी पाटीवर लिहून दाखवलं.

ताईच्या डोळ्यांचं काय झालं ते सविस्तर लिही. माझ्या कानांचं तिला मीच कळवलं आहे. तिने उलट टपाली चार पानं मला झापलंय, अक्षर सगळं वाकडं, पण आवाज अगदी लहानपणीचाच.

आणि एक विचारायचं राहून गेलं. तू अजून काम करताना गुणगुणतेस का? गुणगुणत असलीस तर पुढच्या पत्रात तेवढं लिहून पाठव. मी मोठ्याने वाचीन.

तुझा,
मामा